मॅक की विंडोज? आधी ‘गोंदिया’ टाईप करून बघा

फोनवर पिक्सेललॅबमध्ये वाढदिवसाचे बॅनर करता करता ज्यांचा हात बसला, अशी पोरंपोरी आता गावोगावी आहेत. मित्रांचे बॅनर होतात, मग गणेश मंडळाचा, मग एखाद्या पुढाऱ्याचा. एक दिवस वाटतं, हेच काम पोटापाण्यासाठी करावं. आणि लगेच प्रश्न येतो: ‘भाऊ, मॅक घेऊ की विंडोज?’

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, कुठेही विचारा, उत्तरं दोनच मिळतात. यूट्यूबवरचा पुण्या-मुंबईचा डिझायनर सांगतो, सिरियस असशील तर मॅकबुक घे, हप्त्यावर घे, पण घे. गावातल्या प्रिंटिंगच्या दुकानातला ऑपरेटर सांगतो, जुना आय-फाईव्ह घे, विंडोज, कोरल, फॉन्ट सगळं मी टाकून देतो, सगळे लोक हेच वापरते.

मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिलं उत्तर दुसऱ्याच कुणाच्या तरी कामासाठी आहे. दुसरं उत्तर तुम्हाला वीस वर्षं मागे नेऊन बसवतं. आणि दोघांपैकी एकही जण जी गोष्ट आधी विचारायला हवी ती विचारत नाही: तुम्ही रोज टाईप करणार ते मराठी अक्षर या मशीनमध्ये अक्षर म्हणून साठतं, की फक्त अक्षरासारखं दिसतं?

इथलं काम काय आहे, ते आधी बघा

गोंदिया जिल्ह्यात डिझायनरकडे येणारं काम डोळ्यांसमोर आणा. लग्नपत्रिका: त्यात दोन्हीकडची चाळीस नावं, आडनावं, गावं, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’. राईस मिलच्या तांदळाच्या पोत्यावरचं नाव. बिडीच्या कट्ट्यावरचं लेबल. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर, ज्यावर नाटकापेक्षा कलाकारांची नावं जास्त. ग्रामपंचायत निवडणुकीचं पत्रक. बाळाच्या बारशाचा आणि आजोबांच्या तेरवीचा मजकूर. यातलं बहुतेक काम चित्रांचं नाही, मजकुराचं आहे.

हा मजकूर एका भाषेतलाही नाही. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे. एकाच दिवशी मराठी पत्रिका, बालाघाटच्या पाहुण्यांसाठी हिंदी पत्रिका, आणि पोवारी बोलीतला एखादा कार्यक्रमाचा फलक, असं काम येतं. त्यामुळे इथे मशीन निवडायचं तर पहिली कसोटी अक्षराची. पडदा किती उजळ आहे, व्हिडिओ किती सेकंदांत रेंडर होतो, हे नंतर.

यूट्यूबवरचे तुलनेचे व्हिडिओ नेमकं हेच तपासत नाहीत. ते फोर-के व्हिडिओ एक्स्पोर्ट करून दाखवतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य नीट उमटतो का, हे कुणी टाईप करून दाखवलंय?

जुनी अडचण खरी होती

डिझायनर म्हणजे मॅक हे समीकरण उगाच तयार झालं नाही. १९८४ला मॅकिंटॉश आला. १९८५ला ॲपलचा लेझरप्रिंटर आणि पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं, आणि टेबलावर बसून छापण्याजोगं पान तयार करता येऊ लागलं. डीटीपी हा धंदाच तिथून सुरू झाला. पण ते पान इंग्रजीचं होतं. आपली लिपी त्या व्यवस्थेत बसत नव्हती. एका फॉन्टमध्ये २५६ जागा. त्यात बाराखडी, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, सगळं कोंबायचं.

यावर आपल्याकडे उपाय निघाले आणि ते करणारे लोक हुशार होते. पुण्यात १९८८ला सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी तंत्र बांधलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी आणली. हिंदी पट्ट्यात कृतिदेव पसरला, आणि हिंदीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्या भागातही आला. या सगळ्यामागची युक्ती साधारण एकच होती: इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा बसवायचा. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता. या लोकांमुळे मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, पत्रिका संगणकावर आल्या. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

पण हा उपाय तात्पुरता होता. १९९१ला युनिकोडची पहिली आवृत्ती आली, त्यात देवनागरी होती. विंडोज २०००सोबत मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला र. कृ. जोशींनी, मराठीतल्या कवीने आणि अक्षररचनाकाराने. म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणून ओळखणारा संगणक आपल्या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली.

मग दुकानं बदलली का नाहीत? कारण डिझाइनची सॉफ्टवेअर मागे राहिली. कोरलड्रॉमध्ये आपल्यासारख्या गुंतागुंतीच्या लिपीची सोय २०१२च्या एक्स-सिक्स आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्तीत युनिकोड मराठी टाकलं तर वेलांटी भलतीकडे जायची. ऑपरेटरने जुना फॉन्ट धरून ठेवला, त्यात त्याचा दोष नव्हता. २०१२नंतरही धरून ठेवला, तिथून मात्र आमचं भांडण सुरू होतं.

‘गोंदिया’ कुठे हरवतं

कृतिदेवमध्ये ‘गोंदिया’ टाईप करा. पडद्यावर गोंदिया दिसेल. फाईलमध्ये साठलेलं असतं ते असं: एक्स, के, एस, ए, एफ, एन, सेमीकोलन, के. फॉन्ट असेपर्यंत हे गोंदिया आहे. फॉन्ट काढला की कचरा. संगणकाला विचाराल, ‘या हजार फाईलींत गोंदिया कुठे कुठे आहे?’ तर तो म्हणेल, कुठेच नाही. आणि तो खरं बोलत असेल.

याची किंमत रोज मोजली जाते. ग्राहक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो. तो युनिकोडमध्ये असतो, कारण त्याच्या हातातला दहा हजारांचा फोन मराठी बरोबर जाणतो. दुकानातलं मशीन जाणत नाही. मग ऑपरेटर तो मजकूर पुन्हा टाईप करतो, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढतो. पुन्हा टाईप करताना नावं चुकतात. कन्व्हर्टरमध्ये ऱ्य, ज्ञ, श्र आणि रफार निसटतात. ‘चौधरी’ची ‘चौधारी’ होते, आणि पाचशे पत्रिका छापून झाल्यावर वधूपित्याच्या लक्षात येतं. भरपाई कोण करतो? ज्या पोराने प्रूफ पाठवलं तो. ग्राहकाने बरोबर लिहून दिलेलं नाव पुन्हा लिहिण्याची मजुरी आणि चुकल्याचा भुर्दंड, दोन्ही त्याच्याच डोक्यावर.

दुसरी किंमत लगेच दिसत नाही. झाडीपट्टी रंगभूमीचा विचार करा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्यातून कंपन्या निघतात, हंगामभर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून रात्र-रात्र नाटकं करतात. कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणतं नाटक झालं, त्यात कोण होतं, हे बहुतेक वेळा फक्त पोस्टरवर असतं. पोस्टर पावसात जातं. त्याची फाईल दुकानातल्या हार्डडिस्कवर असते, जुन्या कोरलच्या आवृत्तीत, जुन्या फॉन्टमध्ये. उद्या कुणाला या रंगभूमीचा इतिहास लिहायचा असेल तर त्याला त्या फाईली एक तर उघडणार नाहीत, आणि उघडल्या तरी त्यात कलाकाराचं नाव शोधता येणार नाही. एवढा मोठा लोककलेचा कागद आपण रोज अशा कपाटात टाकतोय, ज्याची किल्ली बंद होत चाललेल्या सॉफ्टवेअरकडे आहे.

फोनवाल्यांनीही हसू नये. तुम्ही टेलिग्रामवरून उतरवलेली पीएलपी फाईल आठवा. त्यातल्या त्या झोकदार कॅलिग्राफी फॉन्टसाठी मजकूर आधी कन्व्हर्टर ॲपमध्ये टाकावा लागतो, हो ना? तोच १९९०चा आजार. फक्त आता खिशात आलाय.

मॅकवाल्यांचं म्हणणं

मॅकबुक चांगलं मशीन आहे. पडदा सुंदर, बॅटरी दिवसभर, रंग बरेच खात्रीचे, आणि मराठी युनिकोड पहिल्या दिवसापासून नीट. ज्याला बंगळुरूच्या कंपनीसाठी ॲपचे स्क्रीन बनवायचे आहेत, व्हिडिओ एडिट करायचे आहेत, त्याने जरूर घ्यावं. तरी लक्षात ठेवा, ॲपचे स्क्रीन ज्यात बनतात ते फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं. त्याला मॅकच लागतो असं नाही.

पण गोंदियात पत्रिका, लेबल, फ्लेक्स करणाऱ्यासाठी हिशेब वेगळा आहे. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातलं सगळं काम विंडोजवर चालतं. शेजारचा ऑपरेटर कोरलची फाईल मागतो. कोरलने अकराव्या आवृत्तीनंतर मॅक सोडून दिला होता, तो परत आला २०१९ला. जुने फॉन्ट आणि त्यांचे कीबोर्ड विंडोजसाठी बनलेले. नव्या मॅकबुकची रॅम आतच जोडलेली असते. पुढे कमी पडली तर गोंदियाच्या बाजारातला कितीही हुशार दुरुस्तीवाला ती वाढवू शकत नाही. आणि लाखाच्या घरातलं मशीन हप्त्यावर घेतलं की पहिली दोन वर्षं तुम्ही डिझाइन करत नाही, हप्ता फेडता. पत्रिकेच्या एका डिझाइनचे इथे किती मिळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. भागून बघा.

मॅक घेतल्याने डिझायनर होता येत नाही हे सगळेच म्हणतात. मी त्याहून साधी गोष्ट म्हणतोय. मॅकवर जाऊनही तुम्ही जुना फॉन्ट कुठूनतरी आणून टाकलात, तर लाख रुपये खर्चून तुम्ही त्याच कपाटात बसलात.

‘टाकून देतो’वाल्यांचं म्हणणं

आता दुकानातल्या भाऊंकडे वळू. ‘टाकून देतो’ म्हणजे क्रॅक. हे फुकट नाही. कॉपीराईट कायदा, १९५७च्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. घरी शिकण्यापुरतं, नफ्यासाठी नाही असं असेल तर कायदा थोडी सवलत देतो. धंदा करणाऱ्याला ती नाही.

‘कोण येतंय गोंदियात तपासायला?’ हे उत्तर मला ऐकू येतंय. बरं, कायदा बाजूला ठेवू. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायचा, अपडेट बंद करायचं, इंटरनेटही तोडायचं. त्याच मशीनवर ग्राहक आधार कार्ड आणि फोटो पेनड्राइव्हने देतो. शिवाय विंडोज १०चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जुने आय-फाईव्ह विंडोज ११साठी अधिकृतपणे चालत नाहीत. म्हणजे भाऊ तुम्हाला जे स्वस्त मशीन सांगतायत ते पहिल्याच दिवशी उघड्यावर आहे.

आणि एक गोष्ट मनाला लावून घ्या. आपलं डिझाइन ग्राहकाने दुसऱ्या दुकानात नेऊन छापलं की आपला जीव जळतो. आपण प्रूफवर आडवा वॉटरमार्क टाकतो. स्टेटस ठेवतो, ‘कलाकाराच्या मेहनतीची कदर करा’. हे सगळं चोरीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून.

मग काय घ्यायचं?

क्रम उलटा करा. लोक आधी मशीन घेतात, मग सॉफ्टवेअर, मग जो मिळेल तो फॉन्ट. आधी फॉन्ट ठरवा, त्यावरून सॉफ्टवेअर, त्यावरून मशीन.

फॉन्ट: युनिकोडच. मुंबईच्या एक टाईपने केलेले मुक्ता, बालू, मोदक खुल्या परवान्यात आहेत. पत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत चालतात, पैसे लागत नाहीत. तिरो देवनागरीचा तर मराठीसाठी वेगळा आणि हिंदीसाठी वेगळा फॉन्ट आहे. आपल्या सीमेवरच्या जिल्ह्याला हे फार कामाचं. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीहून वेगळा दिसतो, आणि राज्य शासनाने २००९ला वर्णमाला ठरवून देताना तो तसाच ठेवला. हिंदी फॉन्टमध्ये छापलेली मराठी पत्रिका वाचता येते, पण डोळ्याला खुपते.

सॉफ्टवेअर: इंकस्केप, कृता, स्क्रायबस, गिंप. चारही फुकट, चारही कायदेशीर, विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. अँड्रॉइड फोन आणि क्रोम ज्या हार्फबझ नावाच्या इंजिनाने मराठी जोडाक्षरं जुळवतात, तेच इंकस्केपमध्ये आणि स्क्रायबसमध्ये आहे. उणिवाही सांगतो. इंकस्केप छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेत, काम करत नाही. त्यासाठी शेवटची फाईल स्क्रायबसमधून काढावी लागते. कोरलची फाईल इंकस्केपमध्ये उघडते, पण अर्धवट. नोकरी करायची तर दुकान कोरलच विचारेल. तेव्हा कोरल शिका, नवी आवृत्ती शिका, आणि धंदा उभा राहिला की एक परवाना रीतसर विकत घ्या. पण त्यातही युनिकोडच टाईप करा. दुकानाला द्यायची फाईल पीडीएफमध्ये, अक्षरं कर्व्ह करून द्या. मूळ फाईल, जिच्यात अक्षर अजून अक्षर आहे, ती स्वतःकडे ठेवा.

मशीन: आठव्या पिढीच्या पुढचा, वापरलेला पण चांगला डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, एसएसडी, आणि उरलेले पैसे मॉनिटरवर. आयपीएस पडदा घ्या, कारण रंग त्यावरच दिसणार. हा मॅकच्या किमतीच्या लहानशा भागात बसतो, आणि बिघडला तर गोंदियातच दुरुस्त होतो.

‘ग्राहकाला तेच जुनं वळण हवं असतं,’ हा आक्षेप खरा आहे. लग्नपत्रिकेच्या काही झोकदार वळणांना युनिकोडमध्ये अजून तोड नाही. मग ते एक शीर्षक जुन्या फॉन्टमध्ये करा, चित्र समजून. चाळीस नावं मात्र अक्षरात ठेवा. ‘माझा हात रेमिंग्टनवर बसलाय’ हाही आक्षेप येतो. रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड युनिकोडसाठीही मिळतो. बोटं तीच, साठवण वेगळी.

शेजारच्या लिपीचा प्रश्न

सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून लोक येतात, बॅनर लागतात. गोंडी भाषेची स्वतःची लिपी आहे. ती मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये तयार केली, आणि ते आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले. ही मसराम गोंडी लिपी २०१७ला युनिकोडमध्ये आली. नोटो या फॉन्टकुळात तिचा फॉन्ट फुकट मिळतो.

आता समजा एखादी गोंड मुलगी तुमच्या दुकानात आली आणि म्हणाली, भाऊ, बॅनरवर आमच्या लिपीत दोन ओळी हव्यात. क्रॅक टाकलेल्या जुन्या कोरलमध्ये तुम्ही काय करणार? ‘नाही होत, हिंदीत लिहून देऊ का?’ आणि ती हिंदीत लिहून घेईल, कारण दुसरा इलाज नाही. एक भाषा अशीच एकेका दुकानातून परत पाठवली जाते. साधा जुना डेस्कटॉप, युनिकोड आणि इंकस्केप असेल तर या दोन ओळी अर्ध्या तासाचं काम आहे. मला कुणी विचारलं की गोंदियात कोणता प्लॅटफॉर्म चांगला, तर मी म्हणेन, जो त्या मुलीला परत पाठवत नाही तो.

म्हणून मशीन घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला आधी वेग विचारू नका. ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणार ते उघडायला लावा. त्यात टाईप करा: गोंदिया, दुसऱ्या, श्री, ज्ञानेश्वर, चौधरी. फाईल सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. मग ते शब्द कॉपी करून स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा. फोनवर ‘गोंदिया’ गोंदिया म्हणूनच आलं, तर पैसे द्या. एक्स, के, एस असं काही आलं, तर मॅक असो की विंडोज, पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.